झाकण उघडू का, सुखदेव?

सुखदेव गेल्याचं मला शिरूरच्या एसटी स्टँडवर कळलं. दौंडच्या गाडीतून त्याच्या आळीतला एक ओळखीचा माणूस उतरला, त्याने मला हातातला चहा आधी खाली ठेवायला लावला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा दोस्त गेला. ताप डोक्यात गेला. दुपारीच न्हेणार हायत." मी उठलो आणि समोर जी गाडी सुटत होती तिच्यात चढून बसलो. घोडनदीचा पूल मागे पडल्यावर कंडक्टर आला. मी म्हणालो, "दौंड." त्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "गुरुजी, ही नगरला चाललीया. दौंड पाठीमागं ऱ्हायलं." मी कॉलेजात इतिहास शिकवतो, भूगोलाशी माझं कधीच जमलं नाही... पूल पायी ओलांडून परत आलो, दुसरी गाडी धरली, आणि दौंडला पोचलो तेव्हा मंडळी स्मशानातून परतून ओसरीवर बसली होती. त्याच्या शेवटच्या कामालाही मी वेंधळेपणा करूनच पोचलो. त्याला आश्चर्य वाटलं नसतं.

सत्तर सालच्या आसपास आम्ही दोघं शिरूरला एका खोलीत राहायचो. तो आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. खोलीत दोन खाटा, एक स्टो आणि त्याची ती पत्र्याची ट्रंक. ट्रंकेला आतून काळा रंग दिलेला, वर काळं फडकं, आणि आत ओल्या गोणपाटावर काकडीच्या बिया. अंधारात उगवलेली ती रोपं पिवळी, लांबुडकी, आजाऱ्यासारखी दिसायची. मी एकदा विचारलं, "अरे, ह्यांना जेवायला काय घालतोस?" तो म्हणाला, "डबा संगं आणलाय त्यांनी." मग खाटेवर मांडी घालून त्याने मला समजावलं. बीच्या दोन जाड दलांत तेल साठवलेलं असतं. उजेड दिसेपर्यंत रोप त्यावर जगतं. पेशीच्या आत बारीक पिशव्या असतात, ग्लायऑक्सिसोम म्हणतात त्यांना, त्या हे तेल फोडून साखरेच्या वाटेला लावतात. माझ्या लोणच्याच्या बरणीत बुरशी आली तेव्हाही हा गृहस्थ खूश! म्हणाला, "तेलावर जगतीया म्हंजी हिच्यातबी तसल्या पिशव्या असणार. टाकू नका." मी टाकली नाही. पुढचे आठ दिवस खोलीला जो वास होता तो विज्ञानाचा होता.

पण त्याचा खरा प्रश्न पुढचा होता. रोप उजेडात आलं, दलं हिरवी झाली, की तेलाचं काम संपतं. मग तिथे वेगळ्या कामाच्या पिशव्या दिसतात, हिरव्या पानात असतात तसल्या, पेरॉक्सिसोम. त्या आल्या कुठून? जुन्या मरतात आणि नव्या तयार होतात, की त्याच पिशव्या जुना धंदा सोडून नवा शिकतात? परदेशात मोठमोठी माणसं यावर भांडत होती, आणि शिरूरच्या खोलीत सुखदेवने आपला कौल कधीच दिला होता. "मास्तर, आमचे आबा दौंडच्या शेडात इंजनात कोळसा टाकायचे. आता डिझेलं आली तर तितंच पुसपास करत्यात. टोपी तीच, डबा तोच, माणूस त्योच... पिशवीचं का न्हाई तसं?" मी म्हणालो, "हे छापायला दे की." तो म्हणाला, "आबाचा पुरावा चालत न्हाई ओ. मशीन लागतं."

ते मशीन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होतं. रोपांचा लगदा थंडीत गरगर फिरवून या पिशव्या वेगळ्या काढणारं. खूप खेटे घातल्यावर त्याला तिथे एका दिवसाची पाळी मिळाली. अंधारातली रोपं तिथे नेऊन, मोजूनमापून उजेड दाखवून, टप्प्याटप्प्याने तपासायची होती. ऐन वेळी आई आजारी म्हणून तो दौंडला गेला. जाताना मला म्हणाला, "पाणी फकस्त शिंपडा. झाकण उघडायच्या आधी दार-खिडकी लावून घ्या. जमंल नव्हं?" मी दुखावून म्हणालो, "मी एम. ए. आहे."

पाणी शिंपडताना मला त्या रोपांची कीव आली. खरंच आली... इतकी केविलवाणी दिसत होती. मी ट्रंक गच्चीवर नेली आणि झाकण सताड उघडून दिवसभर उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशीही. सुखदेव परतला तेव्हा मी त्याला जिन्यातूनच हाक मारली, "ये, बघ, तुझी पोरं कशी बाळसेदार झाली!" त्याने हिरवीगार दलं पाहिली. ट्रंकेशेजारी उकिडवा बसला. एक दल चिमटीत धरून उलटंपालटं केलं. मग म्हणाला, "धंदा बदलून बसली सगळी. आता कुणाला इचारू?" आणि माझं तोंड पाहून वर मलाच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. च्या टाका."

नव्या बिया भिजवेपर्यंत पाळी गेली. पुन्हा ती मिळाली नाही. डेमॉन्स्ट्रेटरची जागाही गेली आणि तो दौंडला शाळामास्तर झाला. मी भेटायला जायचो तेव्हा तो मुलांना फळ्यावर पेशी काढून दाखवत असायचा. मी विचारायचो, "त्या पिशव्यांचं काय झालं रे?" "भांडत्यात अजून," तो म्हणायचा. त्यात राग नसायचा. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी ओसरीवरची मंडळी पांगल्यावर त्याचे वडील, आबा, मला आतल्या खोलीत घेऊन गेले. कोपऱ्यात ट्रंक होती, वर काळं फडकं. आबा म्हणाले, "ताप यायच्या आधी भिजवल्यात त्यानं. उघडू नगा म्हणायचा. आता काय करायचं, मास्तर?"

"आबा, मला नका विचारू," मी म्हणालो. "मी एकदा उघडलीय."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "हसून सांगायचा. आमचा मास्तर लई मायाळू, म्हणायचा." त्यांनी एका बाजूची कडी धरली, मला दुसरी धरायला लावली. आम्ही ट्रंक अंगणात आणली आणि आबांनी झाकण उघडलं. पिवळी रोपं उन्हात डोळे मिचकावल्यासारखी उभी राहिली. आम्ही दोघं शेजारी बसून राहिलो. दिवस कलेपर्यंत दलांवर हिरवी झाक आली होती. त्याच पिशव्या होत्या की नव्या, आम्हा दोघांना कळण्यासारखं नव्हतं... आबांनी डोक्यावरची शेडातली जुनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

रोपं आबांनी परसात लावली. ट्रंक मला दिली. महिना होत आला, ती माझ्या खाटेखाली आहे. आत मी माझी धुतलेली धोतरं ठेवतो. पण आधी दार लावतो, खिडकी लावतो, आणि मग विचारतो, "झाकण उघडू का रे?"