क्षपणाच्या बाई

नायगावात आजही कुणीतरी छातीठोकपणे सांगेल की नम्रता बाईंनी पालकसभेत विषारी वायू सोडला, बायका भोवळ येऊन पडल्या आणि म्हणून शाळेची मराठी तुकडी बंद झाली. सांगणारा त्या दिवशी गावाला गेला होता, हे त्याच्या बायकोला विचारा.

बाई मूळच्या बीडीडी चाळीतल्या. चाळ पाडली तेव्हा भाड्याच्या खोलीत गेल्या आणि तिथून चालत शाळेत येऊ लागल्या. विज्ञान शिकवायचं, तेही मराठीतून, एवढंच त्यांचं वेड. गंजलेली तोटी दिसली तरी म्हणायच्या, “बघा, ऑक्सिडीकरण! याच्या उलट ते क्षपण!” शेजारणी पदराआड हसायच्या. पोरांनी तर नावच पाडलं होतं, क्षपणाच्या बाई.

त्या वर्षी सातवीच्या पालकांनी ठरवायचं होतं, आठवीला विज्ञान मराठीतून की सेमी इंग्लिश. मराठीकडे पोरं आली नाहीत तर तुकडी बंद आणि बाई ‘अतिरिक्त’ ठरून कुठल्यातरी लांबच्या शाळेत. म्हणून बाईंनी पालकांसमोर भाषण न करता प्रयोगच मांडला.

प्लास्टिकच्या डब्याच्या बुडातून शिसपेन्सिलीची दोन शिसं वर काढलेली, डब्यात पाणी आणि थोडं ॲसिड, खाली बॅटरी. शिसांवर पाण्याने भरलेल्या परीक्षानळ्या उलट्या धरलेल्या. बुडबुडे सुरू झाले तसा बाईंचा चेहरा उजळला.

“हे ऋणाग्र. इथे हायड्रोजनच्या आयनला इलेक्ट्रॉन मिळतो, वायू तयार होतो. याला म्हणायचं क्षपण. तिकडे धनाग्रावर पाण्यातले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, ऑक्सिजन सुटतो. ते ऑक्सिडीकरण.”

“थांबा बाई,” शिवडीच्या कोळीवाड्यातून आलेली रंजिता म्हणाली. मासळी विकून थेट सभेला आली होती. “क्षपण म्हंजे काय?”

“कमी होणं.”

“मिळालं तर कमी कसं झालं? माझ्या पाटीत म्हावरं वाढलं तर पाटी रिकामी झाली म्हणू काय?”

सभा खो खो हसली. बाईही हसल्या. “इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण असतो, रंजिताताई. तो आला की आयनचा धन प्रभार कमी होतो. कमी होतं ते हे. आणि इंग्रजीतही रिडक्शनच म्हणतात. तिथेही हाच घोळ आहे.”

“असंल. पण तो घोळ इंग्रजीत हाय ना? माझ्या कल्पेसला घोळ घालायचाच असंल तर इंग्रजीत घालू दे. नोकरी तरी लागंल.”

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि बाईंना तेच लागलं.

तरी त्यांनी ऋणाग्रावरची नळी उचलली, नळीच्या तोंडाशी पेटती काडी धरली. पॉक! पुढच्या रांगेतले एक पालक, राजाराम, खुर्चीसकट मागे सरकले. “बॉम्ब हाय काय, बाई!” मग चहा आला, बिस्किटं आली, विषय संपला.

जाताना रंजिता टेबलापाशी थांबली. “राग नका मानू हां. मना पण कळलं बघा, ते क्षपण.”

बाई डब्यातलं पाणी मोरीत ओतत राहिल्या.

तो वायू हायड्रोजन होता. विषारी नव्हता, कुणी पडलंही नाही. त्या वर्षी आठवीच्या मराठी तुकडीत एकाही पालकाने मुलाचं नाव घातलं नाही, म्हणून ती बंद झाली.