कुलपातला शब्दकोश

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न आहे.

माझ्या पाचवीतल्या ओवीला शब्दकोश कसा बघायचा ते शिकवायचं होतं, म्हणून तिला कसब्यातल्या आमच्या वाचनालयात घेऊन गेले. कोश कपाटात, कपाटाला कुलूप. मी ग्रंथपालांकडे मागितला.

"शब्द कोणता?" त्यांनी विचारलं.

"ठरावीक असा नाही हो. तिचं तिला शोधू दे की."

"हाताळून पानं खराब होतात. शब्द सांगा, मी अर्थ सांगतो."

मला वाटलं, गंमत करताहेत. नव्हते करत. ओवीने बिचारीने "तांबट" सांगितला. त्यांनी कपाट उघडलं, आमच्याकडे पाठ करून पान काढलं, अर्थ वाचून दाखवला आणि परत कुलूप लावलं. शब्द कसा लिहिलाय तेसुद्धा तिला दिसलं नाही.

निघताना ओवी म्हणाली, "आजोबा, तुम्ही यातले सगळे शब्द वाचले असतील ना?"

"मी कशाला वाचू? मी सांभाळतो."

आता तुम्हीच सांगा. मराठी जपायला हवी, मान्य. पण पाचवीतल्या मुलीपासून?