गव्हाणीतला पेंढा

मी संशयी माणूस आहे. भाजीवाल्यानं हसून चार मिरच्या जास्त टाकल्या, तरी घरी आल्यावर पिशवी उलटी करून सडक्या किती ते बघतो. अशा माणसाकडे फादरांनी शहापूरच्या आमच्या लहानशा प्रार्थनाघरातली गव्हाणी सोपवली, ही त्यांचीच चूक.

पद्धत साधी आहे. नाताळाआधीच्या चार आठवड्यांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. तेव्हा वेदीपाशी रिकामी लाकडी गव्हाणी ठेवायची. कुणाला न सांगता चांगलं काम केलं, राग गिळला, माफी मागितली, की रविवारी येऊन पेंढ्याची एक काडी तिच्यात टाकायची. नाताळपर्यंत बाळ येशूचं अंथरूण तयार होतं. दुसऱ्याचं सोडा, आपलं मन झाडा, असं फादरांनी बजावलं होतं. नव्या माणसांना हे समजावून सांगायचं काम माझं.

पहिल्याच रविवारी डोळखांबकडच्या एका बाईनं पदराखालून मूठभर पेंढा काढला आणि गव्हाणीत टाकला. ती दिवाळीनंतर यायला लागली होती, इथे एका खानावळीत भाकऱ्या थापायची. दुसऱ्या रविवारी पुन्हा मूठभर. एका आठवड्यात इतकी सत्कर्मं? मी बायकोच्या कानात म्हणालो, "नाताळला ब्लँकेटं वाटतात, हे हिला कळलंय."

"तुम्ही गप्प बसा हो," बायको म्हणाली.

मी गप्प बसलो. पण तिसऱ्या रविवारी मिस्साआधी, म्हणजे रविवारच्या उपासनेआधी, आणि नंतर मोबाइलवर गव्हाणीचे फोटो काढले. प्रार्थनेतही माझा एक डोळा उघडाच होता.

चौथ्या रविवारी सगळे गेल्यावर मी तिला थांबवलं. "बाई, एका चांगल्या कामाची एक काडी असते. तुम्ही मूठ मूठ टाकता. एवढी कुठली कामं केलीत?"

ती बावरली. मग मी सगळी पद्धत सांगितली, तीन आठवडे उशिरा.

"मना कोनी सांगितलंच नाय," ती म्हणाली. "घरून आनते, नव्या भाताचा. एका काडीवर पोर निजल का, सर?"

मला लाज वाटली. तरी मनात आलंच, उत्तर बरं सुचलं हिला.

"असलं काय मी केलेलं नाय," ती म्हणाली, आणि वाकून आपला पेंढा बाहेर काढू लागली. तिचा लांब, पिवळाधमक होता, आमचा जुना आणि काळपट, त्यामुळे ओळखायला अडचण नव्हती. मी तिचा हात धरायला हवा होता. धरला नाही. तिचं काढून झालं तेव्हा गव्हाणीची फळी उघडी पडली. तिच्यावर जेमतेम वीसेक काड्या होत्या. त्यात माझी एकही नव्हती. चारही रविवार मी नुसता पहारा दिला होता.

"यातल्या तुमच्या कंच्या, सर?" तिनं विचारलं. खोचकपणे नाही, अगदी आदरानं.

"असतील सात-आठ," मी म्हणालो.

तिनं त्या काड्यांकडे बघून हात जोडले. माझा तिला जरासुद्धा संशय आला नाही.