बुटांच्या आतले पाय

शिरड शहापूरच्या मैदानावर एक निवृत्त सुभेदार सैन्यभरतीसाठी पोरापोरींना पळवायचे. एका सकाळी मी पाहतच राहिलो. पळणं संपलं, तसे ते मातीत बसले आणि एकेकाचा घामेजलेला पाय मांडीवर घेऊन फोड शोधू लागले.

"नातवांच्या वयाची लेकरं, त्यांचे पाय तुमी काहून धरता?" मी विचारलं.

"फौजेत आमचे साहेब धरायचे. पोरगं तोंडानं 'ठीक हाय' म्हणतंय. पाय खोटं बोलत न्हाई."

मी मुख्याध्यापक. रोज परिपाठाला बुटांचं पॉलिश तपासतो. त्या दिवशी सगळ्यात चकचकीत बूट जिचे, तिलाच ते काढायला लावले. बूट तोकडे झालेले, आत बोटं दुमडून रक्ताळलेली. याच बुटांसाठी गेल्या शनिवारी मी तिला सगळ्यांसमोर बक्षीस दिलं होतं.