गिरणीच्या माडीवरचे नाग मास्तर

शहापूरच्या बाजारपेठेत चहाचं एक दुकान होतं. ते समोर आलं की नाग मास्तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि दुकान मागं पडलं की परत अलीकडे यायचे. चिखल असो, समोरून बैलगाडी येवो, पलीकडे जाणार म्हणजे जाणार. त्या दुकानवाल्यानं कधी तरी त्यांना तुटक्या कानाच्या कपात चहा दिला होता. मी एकदा म्हटलं, "मास्तर, तो दुकानवाला वारला की. आता त्याचा जावई बसतो." मास्तर म्हणाले, "कप तोच असंल."

नाग डूख धरतो तसा हा माणूस धरायचा, म्हणून नाग मास्तर. नाव क्लासातल्या पोरांनी पाठीमागं ठेवलेलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण मास्तर खूश झाले. म्हणाले, "विसरायला काय लागतं रे? ढोरंपण विसरतात. ध्यानात ठेवायला माणूस लागतो."

गोवा सुटायच्या थोडं आधीची ही गोष्ट. मास्तरांचं वय असेल बावीस-तेवीस. मुरबाडकडचे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावचे. अंगानं काडी, आवाज बसका, पण पेटीवर बोटं ठेवली की ऐकणारा जागचा उठत नसे. शहापुरात एका शेटची भातगिरणी होती. शेटला गाण्याबजावण्याचा नाद. त्यानं गिरणीच्या माडीवर क्लास काढला आणि दोन तरणे मास्तर ठेवले. मधे सागाच्या फळ्यांची भिंत. अलीकडे नाग मास्तर पेटी शिकवायचे, पलीकडे अत्तर मास्तर गाणं. हे दुसरे कल्याणहून आलेले, गोरेपान, कानात कायम अत्तराचा फाया. खाली इंजिनाची घरघर चालू असायची, तूस उडून वर यायचं आणि पेटीच्या पट्ट्यांवर बसायचं. अत्तर मास्तर नाकाला रुमाल लावून वैतागायचे. नाग मास्तर म्हणायचे, "शेटची गिरणी म्हणजे आपला फुकटचा तंबोरा." इंजिनाच्या सुराला सूर जुळवून ते शिकवायचे. इंजिन बंद पडलं की आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मी आटगावच्या बाजूचा, कुणब्याचा पोर. शाळा दुसरीत सुटली. गावच्या भजनात टाळ धरायचो. लग्न झालेलं होतं, औत हाकत होतो, तरी डोक्यात बसलं की पेटी शिकायचीच. पहिल्या दिवशी जिना चढून वर गेलो तर अत्तर मास्तर दारातच उभे. त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली आणि पोरींसमोर म्हणाले, "अरे, या बोटांना नांगरच बरा." पोरी हसल्या. मी मागं फिरणार, एवढ्यात फळीपलीकडून बसका आवाज आला, "ये रे इकडं. तो नाय बोलला ना? मंग तू वाजवणारच."

असा मी त्यांचा चेला झालो. माझ्यात काही दिसलं म्हणून नव्हे, त्या दुसऱ्याचा शब्द खोटा पाडायचा म्हणून. पण शिकवलं मात्र पोटच्या पोराला शिकवावं तसं. माझी दोन बोटं एका वेळी दोन पट्ट्यांवर पडायची. मास्तर रागावले नाहीत. म्हणाले, "जाड बोट असलं तर टोकावर यायचं. बाईमाणूस चिखलातून चालतं कसं, बघितलंस ना? तसं." मला ते लगेच कळलं. अत्तर मास्तरांच्या तोंडून असलं काही जन्मात निघालं नसतं.

क्लासात एक वकिलाचा पोरगा होता. तो एकदा बोलून गेला, "मास्तर, तुमच्यापेक्षा आमच्या घरचा रेडिओ बरा वाजतो." मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून त्याला भात्यावर बसवला. वाजवणार दुसरा आणि ह्यानं नुसता भाता मारायचा. सगळा पावसाळा त्याला पट्टीला बोट लावू दिलं नाही. पोरगा रडकुंडीला आला, तेव्हा म्हणाले, "रेडिओला भाता नसतो रे बाबा. म्हणून तुला दाखवला." पुढं तोच पोरगा उत्तम साथीदार झाला. भात्यावर त्याचा हात असा काही बसला होता की सूर कधी तुटायचा नाही. ही मास्तरांची तऱ्हा होती. सूड घेता घेता माणूस घडवायचे.

त्याच पावसाळ्यात त्यांनी ती चाल बांधली. कुठल्या अभंगाची ते मी सांगणार नाही, त्याचं कारण पुढं येईल. माघ महिन्यात मुरबाडला भजनाच्या बाऱ्या लागायच्या. गावोगावची मंडळं यायची आणि आळीपाळीनं, चढाओढीनं गायची. त्या बारीत आमच्या गावच्या मंडळानं म्हणावी म्हणून चाल बांधायला घेतली होती. आणि त्यात मास्तरांचंही काही होतं. मुरबाडला दुसरा क्लास काढायचा शेटचा बेत होता. बारीत ज्याची चाल गाजेल त्याला तिथला मुख्य मास्तर करीन, असं तो बोलला होता. मास्तरांना आपल्या मुलखात, आपल्या आईजवळ जायचं होतं. रोज क्लास सुटला की इंजिनाच्या सुरावर ते एकेक ओळ घोळवत बसायचे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी चाल अशी खाली उतरायची, की माणूस विहिरीच्या पायऱ्या उतरतोय असं वाटावं. ते वळण त्यांना कैक दिवस सापडत नव्हतं. सापडलं त्या दिवशी त्यांनी मला गूळ खायला दिला.

गणपतीत शेटच्या घरी गाणं झालं. गाणार अत्तर मास्तर, पेटीला नाग मास्तर. मी कोपऱ्यात बसलो होतो. दोन अभंग झाले आणि तिसऱ्याला त्या माणसानं ती चाल उचलली. आमची! मी मास्तरांकडे बघितलं. चेहरा दगडासारखा, पण बोटं चालतच होती. गाणाऱ्याच्या आधी पुढच्या सुरावर जाऊन बसत होती, फक्त तो जिथं वळण सोडून सरळ गेला तिथं त्याच्यामागं गेली. चालणारच, त्यांचीच ना ती! गाणं संपलं तसा शेट म्हणाला, "वा! पहिल्यांदा ऐकून काय साथ केलीस रे! नवी चाल ह्यांनी बांधली आणि तू झेललीस." अत्तर मास्तरांनी मान खाली घालून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मास्तर गिरणीवर शेटला भेटले. मी सोबत होतो.

"शेट, ती चाल माझी हाय. फळीपलीकडनं ऐकून घेतली त्यानं."

शेट हसला. "अरे, चाल म्हणजे काय शेताचा बांध आहे? कोरला म्हणून तक्रार घेऊन आलास?"

कुणब्यांसमोर असं बोलू नये. बांधावरून आमच्याकडे कुऱ्हाडी निघतात. पण मास्तर नुसते "बरं" म्हणाले. मी जिन्यात म्हटलं, "मास्तर, सांगा फक्त. रस्त्यात गाठतो त्याला, आणि त्याचं अत्तर उतरवतो." मास्तर म्हणाले, "मार दोन दिवसांत बरा होतो रे. मला जन्माचं पायजे."

भातं झोडून झाली, मंडळांच्या तालमी लागल्या. मास्तरांनी पेटी माझ्या डोक्यावर दिली आणि आम्ही निघालो. शहापूरकडची गावं, मग टोकावड्याकडून खाली मुरबाडकडची, ठाकरांचे पाडे, कातकऱ्यांच्या वाड्या, जिथं म्हणून चार टाळ वाजतात तिथं गेलो. सगळ्यांना ती चाल शिकवली. सगळ्यांना एकच सांगणं. बारी संपवताना शेवटचा अभंग ह्या चालीत म्हणायचा. आणि चाल कुणाची म्हणून कुणी विचारलं, तर आमच्या गावची, जुनी, एवढंच बोलायचं. शेटचं स्वतःचं एक मंडळ होतं, गाणारे अत्तर मास्तर. ते दर वर्षी बारीचा मान घेऊन जायचं आणि गावच्या मंडळांना कोंडेवाले, म्हणजे कोंडा खाणारे, म्हणून चिडवायचं. त्यामुळं कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही. एका गावात तर म्हातारा पखवाजी म्हणाला, "मास्तर, ह्याच्यासाठी मी अजून एक वरीस जगेन."

मला मात्र ते बघवत नव्हतं. एका पाड्यावर बायका भात कांडता कांडता ती चाल म्हणायला लागल्या, तेव्हा मी पेटी खाली ठेवली.

"मास्तर, अशी वाटून टाकली तर तुमची काय राह्यली?"

"त्याची नाय राह्यली, झालं."

"पण तुमी आमची चाल म्हणून भांडा ना! मी साक्षीला हाय."

"मी भांडलो तर दोघांचं भांडण. गोरा खरा का काळा खरा? लोक गोऱ्याचं ऐकतील. सगळ्यांची केली, का तो सगळ्यांचा चोर." आणि म्हणाले, "एकदा तोंडातून नाव काढलंस माझं, तर ती परत दोघांचीच होईल. शपथ घे." मी पेटीवर हात ठेवून शपथ घेतली. म्हणूनच इथं अभंग कुठला ते सांगत नाही, आणि मास्तरांचं खरं नावही.

मुरबाडची बारी सकाळीच उभी राहिली. पहिल्या मंडळानं शेवटचा अभंग त्या चालीत म्हटला. शेटच्या मंडळात चुळबुळ झाली. दुसऱ्यानं म्हटला. तिसऱ्याच्या वेळी लोक टाळ्या धरायला लागले, चौथ्याच्या वेळी सगळा मांडव म्हणू लागला. शेवटची बारी मानाची, ती शेटच्या मंडळाची. अत्तर मास्तरांचा चेहरा तुसासारखा झालेला. पोरांची तालीम तेवढ्याच चालीची, बदलणार काय? उठले आणि गायला लागले.

आता देवाचीच करणी म्हणा. ते खाली उतरणारं वळण त्या माणसाला कधी नीट ऐकूच आलं नव्हतं. फळीपलीकडे खालचे सूर इंजिनाच्या घरघरीत बुडून जायचे. त्यामुळं तो दुसऱ्या ओळीला सरळ पुढं जायचा. इकडे सगळा मांडव खाली उतरला आणि हा एकटाच वर लोंबकळत राहिला. तोच म्हातारा पखवाजी उठून ओरडला, "अरं पोरा, आमच्या गावची हाय ती! उतर की खाली! पायऱ्या नाय दिसत का?" त्यावर माणसं जी हसली, ती अजून माझ्या कानात आहेत. फार गोड आवाज होता तो. पेटीतून तसा मला कधी काढता आला नाही.

शेट मधेच उठून गेला. मुरबाडचा क्लास निघालाच नाही. अत्तर मास्तर त्या दिवसानंतर माडीवर आले नाहीत. मास्तरांनीही क्लास सोडला. म्हणाले, "ज्या फळीतून चोरी झाली तिला टेकून मी शिकवणार नाय." मुरबाडच्या एस्टी स्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो. मला रडू यायला लागलं तसे खेकसले, "रडतो काय? जिंकलो ना आपण?" गाडी सुटता सुटता खिडकीतून म्हणाले, "माझ्या मयताला नाय आलास तरी चालंल. त्याच्या मयताला जा."

पुढं त्यांनी गावात शेती केली, पोरांना पेटी शिकवली, पण नवी चाल बांधली नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "एक बांधली, ती सगळ्यांना पुरली." थोड्याच वर्षांत तापानं गेले. निरोप मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या मयताला मी खरंच पोचलो नाही.

अत्तर मास्तर मात्र खूप जगले. काही वर्षांनी शहापुरात परत आले, क्लास काढला, केस पांढरे झाले तसे लोक गुरुजी म्हणायला लागले. शाली मिळाल्या, हार मिळाले. लोक मुरबाडची बारी विसरले. मी नाही विसरलो. त्यांच्या दारावरून जायची वेळ आली की मी रस्ता ओलांडायचो. आमची म्हातारी म्हणायची, "अवो, सोडा आता. तो पण म्हातारा झाला, तुमी पण झाले." मी म्हणायचो, "मी झालोय. माझं ध्यान नाय झालं."

ते वारल्याचं कळलं, तेव्हा मी धुवट धोतर नेसलो आणि आमचं भजनी मंडळ गोळा केलं. म्हातारीनं ओळखलं. दारात आडवी आली. "मेल्या माणसाशी कसलं वैर?" मी म्हटलं, "वैर कसलं? भजन म्हणायला चाललोय." ह्याच्यात काही खोटं नव्हतं.

त्यांचा मुलगा भला माणूस. त्यानं हात जोडून आम्हाला पुढं चालायला सांगितलं. तिरडी उचलली आणि मी चाल धरली. सगळ्यांना येते ती आता, लहान पोरांनाही येते. घरापासून स्मशानापर्यंत दुसरी काही म्हणू दिली नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीच्या शेवटाला मी गळा मोकळा सोडून खाली उतरलो, आणि सगळी माणसं माझ्यामागं उतरली. एकच माणूस उतरला नाही. तो खांद्यांवर होता.

परतताना मुलगा माझ्याजवळ आला. डोळे पुसत म्हणाला, "काका, एक विचारू? ही चाल घरात कुणी म्हटली की बाबा उठून बाहेर जायचे. आम्हाला कधी म्हणूच दिली नाही. कुणाची आहे ही?"

म्हणजे तोही विसरला नव्हता. जन्मभर, स्वतःच्या घरात. मला वाटलं, मास्तर, ऐका, जन्माचं मागितलं होतंत ना तुम्ही, पुरेपूर मिळालं. नाव अगदी ओठांवर आलं होतं. एवढी वर्षं ते नाव मी कुणापुढं काढलं नव्हतं, आणि विचारणारा त्याचाच मुलगा. पण पेटीवर हात ठेवला होता.

मी म्हटलं, "आमच्या गावची आहे, बाळा. जुनी."