वाट बघणारा चौकोन

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीपुरतंच. कुणी वाचलंच तर समजून घ्यावं.

मागच्या महिन्यात माझी लेक शुभा नव्या नोकरीचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर टाकायला लावून अंघोळीला गेली. "आई, पासवर्ड मागितला की हाक मार," म्हणाली. थोड्या वेळाने त्याने मागितला. रिकामा चौकोन आणि त्यात लुकलुकणारी रेघ. मोठ्याने हाक मारायची मला सवय नाही. नळाच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही. चौकोन वाट बघून बघून आपोआप मिटला आणि सगळं काम अर्ध्यावर बंद पडलं. घरात कुणी नाही असं त्याला वाटलं असेल. मी तर पुढ्यातच बसले होते.

शुभा ओल्या केसांनी धावत आली. "गेलं! आता पुन्हा पहिल्यापासून."

"मला सांगून ठेव ना तो शब्द. एबीसीडी तुझ्याबरोबरच शिकले की मी."

"नको गं बाई, भिशीत चार जणींना सांगशील!" ती हसली आणि हाताचा आडोसा करून टाइप करू लागली.

ती बारावीत नापास झाली होती, हे तिच्या बाबांना मी अजून कळू दिलेलं नाही. यंत्राला माणूस ओळखू येत नाही, म्हणून ते शब्द मागतं. लेक तर मला ओळखते, तिला आणखी कुठला शब्द हवा होता माझ्याकडून?

कॉम्प्युटर माझ्या शिवणाच्या पैशांतून घेतला होता. काल पहिला पगार झाला, तसे तिने ते सगळे पैसे परत केले. माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मोजून घे हं."