वडारांच्या पालावरची अंगाई

महाराजांनी कोल्हापुरात बांधकामं काढली, तशी तेलगू मुलखातून वडार मंडळी दगड फोडायला आली आणि रंकाळ्यापलीकडं त्यांची पालं पडली. मी तेव्हा एका नाटक कंपनीत पदं लिहायचो. नव्या नाटकात अंगाई हवी होती, आणि ती काही केल्या सुचेना. मालक रोज डोकं खायचा. परमुलखातून आलेल्यांची गाणी ऐकत हिंडायचा मला भारी नाद, म्हणून गेलो पालावर.

तिथल्या म्हातारीला म्हटलं, "आजी, तुमच्याकडची अंगाई म्हणून दाखवा की." शेजारी मोकळी झोळी लोंबत होती, तीही हौसेनं हलवली. म्हातारी अशी खवळली म्हणता! माझा हातच धरला. "मोकळी झोळी हलवतोस व्हय? पोराबिगर अंगाई म्हणत न्हाईत. घरात पोर असंल तर घिऊन ये, न्हाईतर जा."

घरात पोर होतं, पाळण्यातली लेक. पण तिच्या आधीची दोन गेली होती. आपण जीव लावला की देव नेतो, असं बायकोच्या मनानं घेतलेलं. लेकीला पाजायची, न्हाऊ घालायची, पण अंगाई एकदाही म्हटली नव्हती. माझं काळीज तुटायचं, पण बोलायची सोय नव्हती.

पालावर जायचं नाव काढताच भडकली. "नाटकापायी पोरीला धुळीत नेताय? काय लाज हाय का न्हाय?" शेवटी पोर एकट्या माझ्या हाती द्यायला नको, म्हणून फणफणत आली.

म्हातारीनं लेकीला झोळीत घातलं आणि तेलगूत सुरू केलं. चाल साधीच. पण दर कडव्याची शेवटची ओळ आईनं म्हणायची, अशी त्यांची रीत. म्हातारी तिथवर यायची, थांबायची, बायकोकडं बघायची. ही मान खाली घालून गप्प. म्हातारी पुन्हा पहिल्यापासून. पोर रडायला लागली, तरी म्हातारी पुढं जाईना. मला वाटलं, झालं, आता ही उठून चालती होणार.

आणि बायकोच्या तोंडून फुटलं, मराठीत, त्याच चालीवर, "हाय गं बाय, हितंच हाय मी."

बाप्या माणूस असून ढसाढसा रडलो.

त्याच चालीवर मी पद लिहिलं, शेवटी बायकोची ओळ घातली. मालक म्हणाला, ओळ गावंढळ वाटते, बदला. मी म्हटलं, पाहिजे तर मला बदला. लोकांनी ते पद डोक्यावर घेतलं. एका संध्याकाळी बायकोला म्हटलं, चल की प्रयोगाला, तुझीच ओळ आहे.

"मी कुठली येतीय?" ती म्हणाली. "पोरीची निजायची येळ झाली. तिला अंगाई कोण म्हणणार?"